टिटवी तेवढी ऐकू येते

मागच्या डिसेंबरात एका सकाळी आम्ही सोलापूरच्या संभाजी तलावाच्या कडेला उभे होतो. पाटीवर संभाजी तलाव, आमच्या तोंडात अजून कंबर तलावच. सात वाजून गेले होते, पाण्यावर धुकं होतं. भाचीने माझी बाही ओढली. “मामा, त्या बाभळीत. ऐकूलालाव का?”

मी मान डोलावली. चेहऱ्यावर जाणकाराचं हसूसुद्धा आणलं.

“खोटं बोलू नका. तुम्ही लिंबाकडं बघूलालाव.”

मग तिने फोन पुढे धरला. मर्लिन नावाचं ॲप आहे, आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. पडद्यावर एकेक नाव पेटत होतं. शिंजीर. शिंपी. चष्मेवाला. परत शिंजीर. तिघेही माझ्यापासून पंधरा-वीस फुटांवर गात होते आणि माझ्या लेखी ती बाभूळ मुकी उभी होती.

तेवढ्यात काठावरून टिटवी उठली आणि गाव गोळा करत डोक्यावरून गेली.

“ही ऐकली,” मी म्हणालो.

“ही तर आजीलापण ऐकू येते.”

आजी म्हणजे माझी आई. वय ८१. तिचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी १९८८ साली अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जॉबरच्या, म्हणजे माग जुळवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या, हाताखाली लागलो, पुढे स्वतः जॉबर झालो. टॉवेलचे माग. एका शेडमध्ये चोवीस. धोटा या टोकाकडून त्या टोकाला मारला जातो तेव्हा लाकडावर लाकूड आपटावं तसा फटका बसतो. एका मागाचे मिनिटाला शंभराच्या वर फटके, त्याला गुणिले चोवीस, वर पत्र्याचं छप्पर. कानात घालायला आम्ही वेस्ट सुताचा बोळा करायचो, तोही घाम आला की गळून पडायचा. पूर्व भागातले माझे निम्मे जोडीदार घरी तेलुगू बोलणारे. पण शेडमध्ये भाषेचा प्रश्नच नव्हता, सगळे ओठ वाचायचे. एकतीस वर्षांनी बाहेर पडलो तेव्हा मला ओठ छान वाचता येत होते. पाखरांना ओठ नसतात, ही अडचण.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दिला. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. रेघ बरी चालत येते आणि चार हजार हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. कारखान्यातल्या माणसाचा कान आधी तिथेच खचतो, डॉक्टर म्हणाले, असे कागद सोलापुरात रोज बघतो. आमच्या बारक्या पक्ष्यांचं बरंचसं गाणं नेमकं त्याच विहिरीत आणि तिच्या पलीकडे आहे. ‘आधी आवाज ऐका, मग दुर्बीण लावा’ हा पक्षी बघणाऱ्यांचा पहिला धडा. माझी गाडी पहिल्याच धड्यावर पंक्चर.

तरी हा नाद लागला तो कारखान्यामुळेच. रात्रपाळी सुटली की सायकलवरून सात रस्ता, तिथून विजापूर रोड, पुढे जुळे सोलापूर. वाटेत कंबर तलाव. डोक्यात माग चालूच असायचे, घरी जाऊन लगेच झोप यायची नाही, म्हणून काठावर बसायचो. एका थंडीत पाण्यावर काळ्या कोंबड्यांसारखं काहीतरी शेकड्याने दिसलं. प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा. शेजारी जाळं विणत बसलेल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, “वारकरी.” मला वाटलं चेष्टा करतोय. पंढरपूर आमच्या जिल्ह्यात, त्यामुळे वारकरी म्हटल्यावर दुसरं काही डोक्यात येत नाही. पण पक्ष्याचं नाव खरंच वारकरी. गोपीचंदन लावलेला काळा माणूस, आणि कायम दिंडीत. फरक एवढाच की ही दिंडी कार्तिकीच्या सुमाराला भरते आणि आषाढीला मोजकेच जण मागे उरलेले असतात.

त्या दिवसापासून मी वहीत लिहायला लागलो. आज चौदावी वही चालू आहे. नावं मराठीत लिहितो, आणि आपल्या लोकांनी नावं ठेवावीत तर अशी. पिवळ्या टोकाची चोच आणि तिच्या बुडाशी दोन लाल ठिपके, म्हणून हळदी-कुंकू बदक. पसरट चोचीचा थापट्या. लांब लाल पायांचा शेकाट्या. बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली. वेडा राघू कशाला वेडा म्हणून ठेवलाय ते मला अजून कळलेलं नाही, तारेवरून उडून हवेतली माशी पकडून परत त्याच जागी येऊन बसणारा पक्षी वेडा कसा?

कंबर तलावाचं अलीकडे जलपर्णीवर अवलंबून असतं. हिरवी चादर वाढली की वारकरी दुसरं पाणी शोधतात आणि जांभळी पाणकोंबडी व कमळपक्षी खूश होतात. काढली की उलटं. माझं मत विचाराल तर जलपर्णी काढलीच पाहिजे, पण कमळपक्षी त्या पानांवरून लांबच लांब बोटं टाकत चालतो तेव्हा ते मत मी जरा वेळ बाजूला ठेवतो.

थंडीतला खरा सोहळा हिप्परग्याला. तुळजापूर रोडवरचा एकरुख तलाव. आदिला नदी अडवून १८७१ साली इंग्रजांनी केलेला. पाणी हटत जातं तशी काळ्या मातीची ओली पट्टी उघडी पडते आणि तिच्यावर पट्टेरी राजहंस उतरतात. पुस्तकात त्यांना पट्टकादंब म्हणतात. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळ्या आडव्या पट्ट्या, जणू कुणी गंधाची दोन बोटं ओढावीत. तिबेट, मंगोलिया, लडाखकडची पिलावळ. हिमालय ओलांडून येतात, आणि अंगावर यंत्र बसवलेल्या हंसांनी सात हजार मीटरच्या वर उडल्याची नोंद केलेली आहे. एवढं करून येतात कुठं, तर हिप्परग्याला हरभऱ्याचे घाटे आणि कोवळं गवत खायला.

यंदाच्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा संपली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आम्ही पहाटे निघालो. यात्रेचा उल्लेख मुद्दाम केला, कारण होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं त्या रात्री सिद्धेश्वर तलावावरची पाखरं कुठे जातात हा भाचीचा आवडता प्रश्न आहे. मी उत्तर देऊ शकत नाही. मी त्या रात्री माणूस म्हणून मैदानावर असतो आणि वर बघून तोंड वासतो.

तर हिप्परगा. थंडी चांगली होती, मी माकडटोपी घातली होती आणि कानात मशीन. हे मशीन मी एरवी खिशात ठेवतो. तलावावर वारा असला की ते वाराच मोठा करून देतं, कानात चोवीस माग परत सुरू होतात. पण त्या दिवशी वारा पडलेला होता. बांधाच्या आडोशाने वाकत वाकत आम्ही हंसांपासून साधारण ऐंशी पावलांवर पोचलो. भाचीने हंस मोजले, पासष्ट. मी दुर्बीण लावली. एक हंस एका पायावर उभा, मान पाठीवर वळवून चोच पिसांत. दुसरा चिखलातून पाय उचलताना दरवेळी थांबायचा, आपल्या चपलेला काळी माती चिकटल्यावर आपण थांबतो तसाच. त्याच्या नारिंगी पायांना मातीचे बूट चढले होते.

अचानक सगळ्या माना वर. पासष्ट माना, एकदम, काठ्या रोवल्यासारख्या.

मी कोल्हा शोधत होतो. भाचीने माझी टोपी मागून खेचली. तिच्या ओठांवर स्पष्ट वाचलं: “मामा, शिट्टी वाजूलालीय!”

“कुठं?”

“तुमच्या कानात!”

टोपी मशीनवर दाबली गेली की मशीन कुई-कुई करतं. जगाला ऐकू जाते ती कुई, मला नाही, कारण ती माझ्या विहिरीतली. मी टोपी काढेपर्यंत हंस उठले होते. त्यांचं ते नाकातून आँग-आँग ओरडणं मात्र पूर्ण ऐकू आलं, अगदी मशीनशिवाय. पाण्यावरून एक गोल फेरी मारून ते पलीकडच्या काठाला उतरले. मी चिखलातून बाहेर पडलो तेव्हा डाव्या पायातली चप्पल तिथेच राहिली होती. ती अजून तिथेच असावी.

जानेवारीतच आम्ही ताईकडे हुरड्याला जातो, मंगळवेढ्याच्या बाजूला. मालदांडी ज्वारी, काळी जमीन, नजर पोचेल तिथपर्यंत कणसं. आणि त्यावर भोरड्या. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. मध्य आशियात वीण करून ऑगस्ट-सप्टेंबरातच येऊन पोचतात आणि एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतात. आमचे दाजी शांत माणूस. भोरड्यांचा विषय निघाला की शांत नाहीत. माचाणावर उभं राहून गोफण फिरवतात, पत्र्याचा डबा बडवतात, शिव्या देतात त्या वेगळ्याच.

“नुसतं बघायला काय जातंय तुमचं,” ते मला म्हणाले. “एक थवा उतरला की कणसाचा बुरकुंडा राहतो.”

भाची बापाशी भांडते. भोरड्या दाणा भरायच्या आधीपासून शेतात असतात, तेव्हा नाकतोडे आणि अळ्या कोण खातं, हे ती दरवर्षी सांगते. दाजी दरवर्षी म्हणतात, “त्येचा हिशोब मला लिहून दे.” दोघांचंही बरोबर आहे असं मला वाटतं, म्हणून मी हुरडा खातो आणि गप्प बसतो. शेंगदाण्याची चटणी तोंडात असली की गप्प बसणं सोपं जातं.

पण संध्याकाळी एक गोष्ट होते. भोरड्या रातथाऱ्याला जायच्या आधी थवा बांधतात. हजारो. एकदा लांबट, एकदा गोल, मध्येच पिळल्यासारखा, परत सैल. तो थवा डोक्यावरून वळला तेव्हा घर्र असा जाड आवाज आला. पंखांचा. मी ओळखला तो आवाज: रात्रपाळीला कामावर जाताना चौकापासून ऐकू यायची ती शेड. त्यांची कलकल भाचीला ऐकू येत होती, मला फक्त पंख.

मार्च उजाडला की सोलापूर तापायला लागतं आणि माझी पाखरांशी जरा बरोबरी होते, कारण उन्हाळ्यातले मोठे गवई जाड आवाजाचे. सिद्धेश्वर वनविहारात किंवा स्मृती उद्यानात सकाळी नुसतं डोळे मिटून बसलं तरी तांबट ऐकू येतो. टुक, टुक, टुक, एकाच मापात, भांड्याला ठोके घालावेत तसा. भारद्वाजाचं कुप-कुप-कुप विहिरीच्या तळातून आल्यासारखं. तांबटाने डोकं इकडून तिकडे वळवलं की आवाज जवळ-लांब झाल्यासारखा वाटतो, त्यामुळे तो आहे कुठे ते कळत नाही. एका तांबटामागे आम्ही एकदा वनविहारात अर्धा तास घालवला. शेवटी तो आमच्याच डोक्यावरच्या वाळक्या फांदीवर निघाला, चिमणीपेक्षा थोराड, हिरवा, कपाळ लाल, आणि मान हलवत आमच्याकडे बघत.

एप्रिलात उजनी. इथे एक गोष्ट सोलापूरकराला सांगावी लागत नाही, बाहेरच्याला सांगावी लागते. उजनी धरणाचा मृतसाठाच सुमारे ६३ टीएमसी आहे. पाणी त्याच्या खाली उतरलं की आम्ही म्हणतो, उजनी मायनसमध्ये गेली. पेपरात रोज टक्केवारी, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, ड्रम, बॅरल, टँकर. आणि नेमकं तेव्हाच, करमाळ्याच्या बाजूला, केत्तूर-कुगावकडे, पाणी हटून उथळ डबकी आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभे राहतात. आमची चिंता वाढेल तशी त्यांची पंगत वाढते. मी बादल्या मोजणारा माणूस, तिथे जाऊन गुलाबी पक्षी बघून खूश होतो, आणि खूश होताना थोडी लाजही वाटते.

रोहित डोकं उलटं करून खातो. चोच पाण्यात पालथी, आणि जीभ पंपासारखी मागे-पुढे. पाणी गाळून आतलं बारीक काहीबाही ठेवून घ्यायचं. चोचीच्या कडेला फणी असते. मी बघितलं आणि भाचीला म्हणालो, ही आमच्या मागाची फणी. ती म्हणाली, मामा, तुम्हाला सगळीकडं मागच दिसतो. खरं आहे.

येताना वाट वाकडी करून इंदापूरला गेलो. तिथल्या जुन्या तहसील कचेरीच्या आवारात चिंचेच्या झाडांवर चित्रबलाकांची घरटी असतात. खाली लोक दाखले, सातबारा घेऊन उभे, वर पिवळ्या चोचीचे, शेपटाकडे गुलाबी पिसांचे एवढाले पक्षी पिलांना मासे भरवतायत. अशा वसाहतीला सारंगागार म्हणतात. हा शब्द वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींचा. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले, आयुष्य जंगलात काढून म्हातारपणी सोलापुरातच परतलेले. आम्ही इंदापूरला जाऊन आलो आणि दोन महिन्यांनी, १८ जूनला, ते इथेच गेले. वहीत त्या दिवसाच्या पानावर एकच ओळ आहे आणि ती इथे लिहीत नाही.

चित्रबलाकाबद्दल मला एक गोष्ट आवडते. मोठा झालेला चित्रबलाक जवळजवळ मुका असतो. जोडीदार घरट्यावर आला की चोचीवर चोच वाजवतो, कट-कट-कट, बस. त्या चिंचेखाली माझं आणि भाचीचं ऐकणं सारखंच होतं.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. सोलापूरला पाऊस थोडाच, आणि खरा जोर भाद्रपदाकडे. पण त्याआधी पावशा येऊन ‘पेरते व्हा’ म्हणून डोकं खातो. तो मला ऐकू येतो, रात्रीसुद्धा. आफ्रिकेतून वाऱ्याबरोबर आलेला चातक तारेवर शेंडी उभारून बसतो आणि सातभाईंच्या घरट्यात अंडं घालून मोकळा होतो. एवढं नावाजलेलं पाखरू, आणि धंदा हा.

सुगरणीवर आणि विणकरावर लिहायचा मोह सोलापुरातल्या प्रत्येकाला होतो. मी एकदाच जॉबरच्या नजरेने सांगतो. गेल्या महिन्यात देगावच्या बाजूला विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सतरा घरटी लटकत होती. पहिली गोष्ट, विणतो तो नर. दुसरी, तिथे ताणा-बाणा असं काही नाही. तो उसाच्या पानाला कडेला चोचीने खाच पाडतो, ती चिमटीत धरतो आणि उडतो. त्याच्या उडण्यानेच दीड-दोन फुटांची पट्टी फाटत येते. ती आधी फांदीला गाठ मारून अडकवतो, मग आतून बाहेर, बाहेरून आत, नुसती ओवणी. उभा धागा, आडवा धागा असा भेदच नाही. एक कडं होतं, त्याच्या एका बाजूला घुमट चढतो, आणि तिथे तो थांबतो. आता मादी येते. आत जाते, चोचीने ओढून बघते, घुमटात बसून बघते. बाहेर तो पंख फडफडवत उभा. आमच्याकडे माल तपासायला फोल्डिंग खात्यात गेला की आमचे चेहरे असेच व्हायचे. आवडलं तर तो पुढचं नळकांडं विणतो. नाही तर ते घरटं तसंच शिरस्त्राणासारखं लटकत राहतं. त्या सतरांतली सहा नापास होती. एकाची गाठ मला खालूनही सैल दिसत होती, मादीला दोष देता येत नाही.

आता माळ.

नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रोडला. १९७९ सालचं. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींसारख्या माणसांनी हा पक्षी लोकांच्या नजरेस आणला. कागदावर अभयारण्य झालं ८,४९६ चौरस किलोमीटरचं, त्यात गावंच्या गावं आली, जमीन विकायची पंचाईत, घर बांधायची पंचाईत, लोक पक्ष्यावरच चिडले. पुढे हद्द कमी करून १,२२२ वर आणली. माळाची द्राक्षं झाली, ऊस झाला, विजेच्या तारा आल्या. माळढोक पंधरा किलोपर्यंत भरतो. समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि आयत्या वेळी वळता येत नाही, तारेला धडकतो. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. देशात आता दीडशेच्या आत राहिलेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला दिसला तर पेपरात बातमी येते.

मी तो ऐकलाय. १९९२ चा श्रावण, किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षीचा. साप्ताहिक सुट्टीला मी आणि कारखान्यातला एक जोडीदार एसटीने नान्नजला उतरून चालत गेलो. पाऊस पडून गेला होता, कुसळी गवत गुडघ्याला लागत होतं. वनरक्षकाने बोट ओठावर ठेवलं. लांब, दीड-दोन फर्लांगावर, एक पांढरा ठिपका फुगत होता. नर. गळ्याची पिशवी पायांपर्यंत लोंबलेली, शेपूट पाठीवर उलटं. आणि मग तो आवाज. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हूं म्हणावं तसा. जुनी माणसं या पक्ष्यालाच हूम म्हणतात, ते का हे तिथे कळलं. कानाने ऐकला की छातीने, सांगता येत नाही. माझे कान तेव्हा चांगले होते, पण आज आहेत तसे असते तरी तो आवाज ऐकू आला असता. तो विहिरीच्या पार अलीकडचा, डाव्या बाजूचा, जिथे माझी रेघ अजून सपाट चालते.

म्हणजे हिशेब असा झालाय: माळावर जे आवाज उरलेत ते मला ऐकू येत नाहीत, आणि मला ऐकू आला असता तो आवाज माळावर नाही. ताळेबंद जुळत नाही.

या श्रावणात भाचीला घेऊन परत गेलो. काळवीट दिसले, धाविकाची जोडी दिसली, टप्प्याटप्प्याने पळणारी आणि थांबली की मातीत मिसळून जाणारी. आणि डोंबारी चंडोल. चिमणीपेक्षा जरा लहान, नराचं पोट काळं. हा सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीच्या वर थोडकं राहिलं की परत उसळतो. डोंबारी नाव उगाच नाही. खाली सुटताना तो शीळ घालतो, असं भाची म्हणाली. मी त्याला दुर्बिणीतून दहा-बारा वेळा पडताना बघितलं. बोलपट यायच्या आधीचा सिनेमा.

भाची इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिने फोन दगडावर ठेवून पंधरा मिनिटं रेकॉर्ड केलं आणि घरी आल्यावर लॅपटॉपवर लावलं. आधी आवाजाचं चित्र दाखवलं: आडवा काळ, उभी पट्टी बारीक-जाडाची, आणि त्यावर करडे ठिपके. मी जन्मभर जेकार्डचे नकाशे वाचलेत, चादरीवरचा मोर चौकटीच्या कागदावर कसा असतो ते मला कळतं. इथे प्रत्येक उडीला एक रेघ होती, वर सुरू होऊन खाली वाकत गेलेली. सारख्या अंतरावर. नक्षी म्हणून पास.

“आता ऐका,” ती म्हणाली. “चौपट हळू केलंय. म्हणजे आवाजपण तेवढा जाड होतो.”

आधी वाऱ्याची घुरघुर आली. मग लांबून काहीतरी निघालं, वर चढलेलं, ताणलेलं, आणि हळूहळू घसरत घसरत खाली आलं. संपता संपत नव्हतं. मी भाचीकडे बघितलं. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने आवाज आणखी वाढवला.

आतून आई काठी टेकत आली. माझे वडील गिरणीत होते. पहिल्या भोंग्याला अंघोळ, दुसऱ्या भोंग्याला डबा, असा तिचा अर्धा जन्म गेलेला.

“कुठल्या गिरणीचा रे?” ती दारातून म्हणाली. “चालू झाली का काय?”

“आजी, गिरणी नाही. पाखरू आहे,” भाची म्हणाली, आणि बोटांनी केवढं ते दाखवलं.

आईने तिच्या बोटांकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं, मग खुर्ची ओढून बसली.

“परत लाव,” ती म्हणाली.